शिऊरच्या संत बहिणाबाई

बहिणाबाई हे नाव आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. पण या नावाच्या कवयित्री एक नव्हे, दोन होऊन गेल्या. एक जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी. त्या शेतात राबत आणि काम करता करता गाणी रचीत. त्यांचा जन्म १८८० सालचा आणि मृत्यू १९५१ सालचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या घरच्या माणसांनी उतरून ठेवली. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले.

दुसऱ्या बहिणाबाई त्यांच्याहून अडीचशे वर्षे आधीच्या. त्या तुकाराम महाराजांच्या शिष्या. त्यांना संत बहिणाबाई म्हणतात. त्यांचीच हकिगत आम्ही या पाठात सांगणार आहोत.

त्यांचा मुलूख

संत बहिणाबाईंचा मुलूख आपल्याला परका नाही. आपल्या पाथर्डीहून शेवगाववरून पैठणला जाता येते. नाथषष्ठीला आपल्यातली पुष्कळ मंडळी पैठणला जातात. तिथे गोदावरी ओलांडली की छत्रपती संभाजीनगर जिल्हा लागतो. या जिल्ह्यात वेरूळच्या बाजूला देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. ते बहिणाबाईंचे माहेर. त्याच जिल्ह्यात वैजापूर तालुक्यात शिऊर गाव आहे. ते त्यांचे सासर. त्यांची समाधी शिऊरलाच आहे.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० मधला. जुन्या पोथ्यांत आणि पंचांगात शके असतो. शक आकड्यात ७८ मिळवले की इंग्रजी साल निघते. करून पाहा बरे! १५५० आणि ७८ मिळून १६२८ झाले. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दोन वर्षे बहिणाबाई जन्मल्या.

तो काळ मोठा कठीण होता. १६३० साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. अन्नावाचून माणसे आणि गुरे मेली. देहूचे तुकाराम महाराज वाण्याचा धंदा करीत. तो धंदा त्या दुष्काळात बुडाला, आणि त्यांची पहिली बायको अन्न अन्न करीत मेली. आपल्या भागाला दुष्काळ नवा नाही. तेव्हा त्या दिवसांची कल्पना तुम्हांला सहज येईल.

घर सुटले

बहिणाबाईंच्या वडिलांचे नाव आऊदेव आणि आईचे नाव जानकी. आऊदेव गावचे कुलकर्णी होते. बहिणा अगदी लहान असतानाच तिचे लग्न लागले. नवरा शिऊरचा गंगाधर पाठक. तो तीस वर्षांचा होता, बिजवर होता. चांगला शिकलेला होता, वेद म्हणणारा होता, पण स्वभावाने तापट होता.

तेव्हा अशी लग्ने सर्रास होत. खेळण्याच्या वयात पोर सासरची होई. आज मुलीला १८ वर्षे पुरी होण्याआधी तिचे लग्न लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण त्या वेळी कोणाला त्यात वावगे वाटत नसे.

बहिणा नऊ वर्षांची झाली. तेव्हा घरात भाऊबंदकीचे भांडण पेटले. आऊदेवांना गावात राहणे अशक्य झाले. मग आई, वडील, जावई आणि बहिणा अशी सगळीच गाव सोडून निघाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात. गाडीवर संसार, त्यावर लेकरे. त्या लेकरांची शाळा मागे राहते, खेळगडी मागे राहतात. बहिणाचे तसेच झाले. फरक इतकाच, की ऊसतोडीची माणसे पावसाळ्याच्या तोंडी माघारी येतात. या माणसांना परतीचा दिवस ठाऊक नव्हता.

वाटेत भिक्षा मागावी आणि पुढे चालावे, असा त्यांचा क्रम होता. ती पंढरपूरला गेली. शिखर शिंगणापूरला गेली. काही काळ रहिमतपूरला राहिली. शेवटी कोल्हापूरला पोचली. तोवर बहिणा अकरा वर्षांची झाली होती.

वासराची गोष्ट

कोल्हापुरात त्यांना एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. तिथे त्यांना एक गाय मिळाली. गायीला वासरू होते. त्या वासराला बहिणाचा असा लळा लागला, की ती जाईल तिथे ते मागे जाई. ती नसली की ते चारा खाईना, पाणी पिईना.

कोल्हापुरात जयराम स्वामींचे कीर्तन होत असे. कीर्तनात ते तुकोबांचे अभंग म्हणत. बहिणा आईबापांबरोबर कीर्तनाला जाई. तिच्या मागोमाग वासरूही जाई. एके दिवशी गर्दी फार झाली. लोकांनी वासराला बाहेर हाकलले. ते बाहेर हंबरू लागले आणि आत बहिणा रडू लागली. स्वामींना हे कळले. त्यांनी वासराला आत आणवले. मुलीच्या आणि वासराच्या पाठीवरून हात फिरवला.

ही गोष्ट गावभर झाली. कोणीतरी ती गंगाधरपंतांच्या कानांवर घातली. आपल्या बायकोची गावात चर्चा होते, याचा त्यांना संताप आला. त्यांनी बहिणाला बेदम मारले. बांधून घातले. ती अवघी अकरा वर्षांची पोर. तिची चूक काय, तर ती कीर्तनाला गेली आणि एका साधूने तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिला बांधलेली पाहून गायीने आणि वासराने खाणे सोडले. थोड्याच दिवसांत वासरू मेले. बहिणा बेशुद्ध पडली. त्या अवस्थेत तुकोबा आपल्या स्वप्नात आले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मंत्र दिला, असे बहिणाबाई आपल्या अभंगांत सांगतात. हे साल होते १६४०. तुकोबांना त्यांनी तोवर डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हते. ऐकले होते ते फक्त त्यांचे शब्द. देहूत रचलेला अभंग कीर्तनकाराच्या तोंडून कोल्हापुरात एका पोरीच्या मनात जाऊन बसला. छापखाना नव्हता, तेव्हा शब्द असा कानोकान चाले.

पुढे बहिणाबाईंच्या तोंडून अभंग बाहेर पडू लागले.

घरातला विरोध

आता गंगाधरपंतांचा राग आणखी वाढला. त्याला दोन कारणे होती.

एक कारण जातीचे. बहिणाबाईंचे घर ब्राह्मणाचे. तुकोबा जातीने कुणबी. त्या वेळचे लोक त्यांना शूद्र म्हणत. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू म्हणावे, हे गंगाधरपंतांना मुळीच सोसेना.

दुसरे कारण मानाचे. लोक बहिणाबाईंना पाहायला घरी येऊ लागले. वेद शिकलेला नवरा बाजूला, आणि न शिकलेल्या बायकोच्या पाया लोक पडतात! हे त्यांच्या मनाला फार लागले. त्यांनी बायकोला सोडून निघून जायचे ठरवले. त्या वेळी बहिणाबाई गरोदर होत्या.

बहिणाबाईंच्या मनाचे त्या वेळी काय झाले असेल? एकीकडे संसार, दुसरीकडे अभंग. त्यांनी एकासाठी दुसरे सोडले नाही. नवऱ्याची सेवा करायची आणि देवाचे नाव घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. पुढे गंगाधरपंतांना ताप भरला. ते महिनाभर अंथरुणाला खिळले. बहिणाबाईंनी त्यांची रात्रंदिवस सेवा केली. दुखण्यात त्यांचे मन पालटले. आपण केले ते बरे नाही, हे त्यांना उमगले. बरे झाल्यावर ते स्वतःच बहिणाबाईंना घेऊन तुकोबांच्या दर्शनाला देहूला निघाले.

इथे आम्हांला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाईने मार खावा आणि गप्प बसावे, असा अर्थ या हकिगतीतून कोणी काढू नये. त्या काळी बहिणाबाईंना दुसरी वाट नव्हती. कोणाकडे दाद मागणार? आज तशी स्थिती नाही. घरात मारहाण होत असेल, तर बाईला दाद मागण्यासाठी २००५ सालचा कायदा आहे. आणि नीट पाहिले, तर बहिणाबाई गप्प बसल्याच नाहीत. नवऱ्याने मारले, बांधले, हे त्यांनी अभंगांत सांगून ठेवले. नवऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, पण झाकूनही ठेवले नाही. म्हणून तर आज पावणेचारशे वर्षांनी आपण ते वाचतो आहोत.

देहूचे दिवस

देहूला त्यांनी तुकोबांना डोळे भरून पाहिले. तिथे त्या राहिल्या. तिथेच त्यांची मुलगी काशी जन्मली. पुढे त्यांना मुलगाही झाला. त्याचे नाव विठोबा.

देहूत मंबाजी नावाचा एक गोसावी होता. त्याला तुकोबांचा मत्सर वाटे. ब्राह्मण लोक तुकोबांच्या पाया पडतात, हे त्याला खपत नसे. त्याने बहिणाबाईंच्या घरालाही त्रास दिला. त्यांच्या गायीला मारले. गायीला बसलेल्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात. ही भक्ताची श्रद्धा झाली. पण देहूत त्या वेळी काय वातावरण होते, तुकोबांना कोण छळत होते, हे सारे त्यांच्या अभंगांतून कळते. तुकोबांचे चरित्र लिहिणाऱ्यांना बहिणाबाईंचे अभंग म्हणूनच फार मोलाचे वाटतात. त्या काही ऐकीव सांगत नाहीत. त्या तिथे राहिलेल्या होत्या. कोर्टात पाहणाऱ्याची साक्ष मोठी मानतात, तसेच हे.

तुकोबा १६५० साली गेले. तेव्हा बहिणाबाई बावीस वर्षांच्या होत्या. त्यांच्यापुढे अजून पन्नास वर्षांचे आयुष्य होते.

त्यांनी काय रचले?

अभंग म्हणजे काय, ते तुम्हांला भजनामुळे ठाऊक आहेच. आपल्या आयाबहिणी जात्यावर ओव्या म्हणत. आता पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले, पण ओवी अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. अभंग हा त्या ओवीचाच भाऊ. चाल सोपी, शब्द नेहमीचे. शेवटी रचणाराचे नाव येते. तुकोबा ‘तुका’ म्हणून नाव घालतात. बहिणाबाई ‘बहिणी’ म्हणून घालतात.

त्यांच्या अभंगांचे ढोबळ मानाने तीन भाग पडतात.

पहिला भाग स्वतःच्या आयुष्याचा. माहेर, लग्न, भटकंती, वासरू, मार, देहू, सारे त्यात आहे. आपल्या मराठीत एका बाईने आपली हकिगत आपल्याच तोंडाने अशी सविस्तर सांगितल्याची इतकी जुनी उदाहरणे फार थोडी आहेत.

दुसरा भाग भक्तीचा आणि वागणुकीचा. वारकरी पंथाला इमारतीची उपमा देणारा अभंग त्यांच्याच नावाने चालतो. तळाशी ज्ञानदेव आणि माथ्यावर तुकोबा, अशी ती इमारत आहे. तुम्ही तो अभंग कीर्तनात कितीदा तरी ऐकला असेल. पण तो एका बाईच्या नावाचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बायकोने कसे वागावे, हेही त्यांनी सांगितले आहे. त्यातले काही आज आपल्याला पटणार नाही. पण बाईचा जन्म आला म्हणून वेदाचे शब्द कानांवर पडू देत नाहीत, ही खंतही त्यांनीच बोलून दाखवली आहे.

तिसरा भाग विचाराचा. वज्रसूची नावाचा एक जुना संस्कृत ग्रंथ आहे. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हा त्यातला प्रश्न आहे. जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, ज्ञानाने होतो, असे तो ग्रंथ सांगतो. बहिणाबाईंनी हा विचार मराठी अभंगांत आणला. ब्राह्मणाच्या घरी जन्मलेल्या, ब्राह्मणाच्या घरी दिलेल्या बाईने हे सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे. नवऱ्याचा राग ज्या प्रश्नावर होता, त्याच प्रश्नाला त्यांनी असे उत्तर दिले.

सातासमुद्रापलीकडची एक कवयित्री

बाईला कविता सुचली, की चारचौघांत कुरबुर होते. हे काही आपल्याच मुलखात घडे असे नाही. बहिणाबाईंच्याच काळात अमेरिकेत एक कवयित्री होती. तिचे नाव अॅन ब्रॅडस्ट्रीट.

अॅनचा जन्म १६१२ साली इंग्लंडमध्ये झाला. म्हणजे ती बहिणाबाईंहून सोळा वर्षांनी मोठी. तिच्या नशिबाने तिला घरी पुस्तके मिळाली आणि वाचायला शिकायला मिळाले. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. १६३० साली ती आईबाप आणि नवरा यांच्याबरोबर जहाजात बसली. दोन महिन्यांहून जास्त दिवस समुद्रावर काढून अमेरिकेला पोचली. तिलाही घर सोडून परमुलखात राहावे लागले, तेही जंगल तोडून केलेल्या नव्या वस्तीत. तिला आठ मुले झाली. त्यांचे करून, घरकाम करून ती कविता लिही. तिचा नवरा चांगला होता. पण बाईने सुईदोरा घ्यावा, लेखणी कशाला हवी, असे म्हणणारे तिथेही होते. त्यांना तिने कवितेतूनच उत्तर दिले.

तिच्या बहिणीच्या नवऱ्याने तिच्या कविता लंडनला नेल्या. तिला न विचारता १६५० साली त्यांचे पुस्तक छापले. तोच हा १६५० चा सुमार, तुकोबा गेले तो. १६६६ साली तिचे घर जळाले. त्यावरही तिने कविता केली. १६७२ साली ती वारली. तिने आपल्या मुलांसाठी आपल्या आयुष्याची हकिगत लिहून ठेवली होती.

या दोघी एका काळातल्या. धर्म वेगळा, भाषा वेगळी, मध्ये समुद्र. एकीला छापलेले पुस्तक मिळाले. दुसरीचे शब्द लोकांच्या तोंडी आणि हाताने लिहिलेल्या वह्यांत राहिले. पण दोघींनी संसार केला आणि दोघींनी आपले म्हणणे मागे ठेवले. पुढे योग असा, की जस्टिन अॅबट नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याने बहिणाबाईंचे अभंग इंग्रजीत केले. ते पुस्तक १९२९ साली निघाले. शिऊरच्या बाईचे शब्द त्यामुळे परदेशी वाचकांनाही वाचता आले.

शेवटचे दिवस

बहिणाबाई पुढे शिऊरला येऊन राहिल्या. १७०० साली त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्या ७२ वर्षांच्या होत्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी मुलाला, विठोबाला, जवळ बसवले. आपल्या मागच्या बारा जन्मांच्या गोष्टी त्याला सांगितल्या. हा आपला तेरावा जन्म, असे त्या म्हणत. मागचे जन्म मानावेत की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण मरणाच्या दारात बसलेली आई मुलाला आपली कहाणी सांगते, आणि ती कहाणी टिकते, हे तर खरेच आहे.

यातून काय घ्यावे?

त्या काळात किती बायकांनी मार खाल्ला असेल! किती पोरींची वासरे मेली असतील! किती जणी मनात गाणी घेऊन गेल्या असतील! त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. बहिणाबाईंचे नाव राहिले, कारण त्यांनी आपली गोष्ट स्वतः सांगितली आणि ती कोणीतरी उतरून ठेवली. या दोन्ही गोष्टी लागतात. सांगणारा लागतो आणि लिहिणाराही लागतो.

तुम्ही आता अक्षर शिकलात. आपले नाव लिहिता येते, पत्र वाचता येते. तुमच्या घरी म्हातारी आई असेल, आजी असेल. तिला जात्यावरच्या ओव्या येत असतील. दुष्काळात घर कसे तगवले, ऊसतोडीला पहिल्यांदा कधी गेलो, हे तिला आठवत असेल. तिच्याजवळ बसा. ती सांगेल तसे वहीत उतरून घ्या. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल, शब्द मात्र तिचेच ठेवा. आणि घरातली सून किंवा लेक संध्याकाळी वर्गाला जायचे म्हणाली, तर तिला अडवू नका. तिच्या वाटणीची भाकरी त्या दिवशी दुसऱ्या कोणी थापली, म्हणून काही बिघडत नाही.